हळू गोळी

2024च्या ऑगस्टची पहिली तारीख. बाहेर झड लागली होती, निंदणाची माणसं घरी बसलेली, म्हणून आम्हीही सगळे टीव्हीपुढं. कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे तिकडं पॅरिसला उभा होता. पन्नास मीटर, थ्री पोझिशन. त्याला ब्राँझ मिळालं तेव्हा घरात जो गलका झाला तो झालाच, पण नातवाचं लक्ष भलतीकडंच. म्हणे, "आबाजी, बंदूक आहे तर मोठा आवाज काहून येत नाही?"

मी म्हटलं, "बाबू, ती पॉइंट टू-टू आहे. अन् गोळी हळू आहे."

म्हटलं खरं, पण त्या रात्री झोप लागली नाही. पन्नास वर्षांत त्या हळू गोळीचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं.

आमच्या मोठेबाबांकडं, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाकडं, परवान्याची एक टू-टू रायफल होती. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, वावरं रानाला लागून. परवान्याच्या वहीत काडतुसं किती घ्यायची ते लिहिलेलं असे आणि घेतली की दुकानदार नोंद करी. वर्षातून एकदा मोठेबाबा नागपूरला जात. पन्नासची एक पेटी, चपटी, विड्यांच्या दोन बंडलांएवढी. ती माझ्या हातात यायची तेव्हा मला आख्खं नागपूर हातात आल्यासारखं वाटे.

ज्यांनी हे काडतूस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाराबोरच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते, घोडा ओढला की खिळा त्या टोपीवर बसतो. टू-टूला टोपीच नाही. पितळेच्या बुडाची जी बारीक कड असते, तिच्या आतच पेटणारा मसाला भरलेला असतो. खिळा कडेला चिमटा घेतो अन् काम होते. म्हणून तिला रिमफायर म्हणतात. गोळी शिशाची, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. तुरीचे पंचवीसेक दाणे तळहातावर घ्या, तेवढं वजन.

मोठेबाबांकडं दोन तऱ्हेच्या पेट्या असत. दिसायला सारख्याच, म्हणून एकीला त्यांनी लाल दोरा बांधला होता. ती हळू गोळी. दुसरी तेज. मी आपला तेज गोळीच्याच बाजूचा. पोराला दुसरं काय आवडणार? एकदा विचारलं, "मोठेबाबा, जोराची सोडून हे मरतुकडी काहून घेता?"

ते म्हणाले, "पोट्ट्या, आवाज दोन असते. एक बंदुकीचा, एक गोळीचा. बंदुकीचा तं होनारच. पन गोळीनं बोंब मारू नये."

तेव्हा समजलं नाही. पुढं दहावीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. हवेत आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटरच्या आसपास जातो. गोळी त्याच्या पुढं पळाली की हवा फाटते आणि चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. तो कडाका नळीतून निघत नाही, गोळीसंगं वावरभर फिरतो. तेज गोळी तीनशे ऐंशीच्या घरात जाते. हळू गोळी तीनशे वीसच्या आगेमागे. लांब नळीतून ती सुटली की नुसतं 'थप' होई, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसं. बैल रवंथ थांबवत नसत.

आणखी एक गंमत मोठेबाबांना ठाऊक होती, कारण नाही. साधी म्हणून एक मधली गोळी मिळे, ना हळू ना तेज. ती पौषातल्या पहाटे कडाडे आणि वैशाखात दुपारी मुकी जाई. ते म्हणत, थंडीत हवा कडक होते. खरं कारण असं की गार हवेत आवाजच हळू चालतो. दहा डिग्रीला तीनशे सदतीस, आमच्या मे महिन्यातल्या बेचाळीस डिग्रीला तीनशे छप्पन. मधली गोळी या दोहोंच्या मध्ये सापडलेली. गुरुजींनी फळ्यावर आकडे लिहिले आणि माझ्या डोळ्यापुढं हरभऱ्याचं दहिवर पडलेलं वावर उभं राहिलं. त्या धड्याच्या सगळ्या गणितांत मला पैकीच्या पैकी मिळाले. बाकी विषयांचं विचारू नका.

तर हळू गोळीचे फायदे होते. एक ससा पडला तरी धुऱ्यापलीकडचा दुसरा पळत नसे. मांस फाटत नसे. पण तिची अटही होती, आणि मोठेबाबांनी मला ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. पन्नास पावलांच्या आत. नेम पन्नासावर बांधलेला. शंभर पावलांवर तीच गोळी पाच-सहा बोटं खाली येते. सशाची छाती केवढी? चार बोटं. म्हणजे जवळ जायचं, पोटावर सरपटत, वारा तोंडावर घेऊन. आणि मागं माती असल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, कारण पेटीवरच लिहिलेलं असे की गोळी मैलभर जाते. बरडावर दगडाला लागली की हळू गोळी उडी मारून कुठं जाईल त्याचा भरवसा नाही.

1971चा डिसेंबर. लढाई सुरू होती, चावडीवर रेडिओभोवती गाव जमलेला. मी बारा वर्षांचा. शिकारीवरचा कायदा 1972 साली झाला, म्हणजे तेव्हा अजून व्हायचा होता. त्या कायद्यातही आधी 'छोटी शिकार' म्हणून वेगळी यादी होती, तिच्यात ससा होता, परवाना काढून मारता येई. ते दार 1991च्या दुरुस्तीनं बंद झालं. असो. त्या दिवशी पहाटे मोठेबाबांनी रायफल माझ्या हाती दिली आणि स्वतः मागं बसले. लाल दोऱ्याचं एकच काडतूस भरलेलं.

ससा हरभऱ्यात बसला होता. मी सरपटत निघालो, पण गवत ओलं, कोपरं गारठली, आणि वाटलं आता उठतो हा. थांबलो. छातीवर माशी धरली आणि घोडा ओढला. थप. ससा उडाला, आडवा पडला, उठला आणि तीन पायांवर तुरीत शिरला.

मोठेबाबा आले. मला वाटलं झापड बसते. ते एवढंच म्हणाले, "येथून मोजत जाय."

मी मोजलं.

"किती?"

"एकशे चार."

"म्या तुले किती सांगतलं होतं?"

मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "आता पाह्य त्याले. सापडल्याशिवाय घरी येजो नोको."

शाळा बुडाली. डोक्याएवढी तूर, फुलोऱ्यावर आलेली, तासातासानं वाकून पाहत गेलो. रक्ताचे थेंब दहा-बारा पावलं होते, पुढं नाही. दुपारी माय भाकर घेऊन धुऱ्यावर आली, तिनं काही विचारलं नाही. ससा दिवस बुडता बुडता सापडला, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, जिवंत. पुढचा पाय मुळातून मोडलेला. त्याच्यावर मुंग्या चढल्या होत्या आणि तो तशाही डोळे उघडे ठेवून बघत होता. सकाळपासून तो तसाच होता म्हणजे. मोठेबाबांना हाक मारली तर ते बांधावरूनच म्हणाले, "मी कायले? तुहा हाय थो."

मी ते कसं केलं ते लिहीत नाही. घरी त्याचा रस्सा झाला. मोठेबाबांनी मला ताटावर बसवलं आणि पहिला तुकडा माझ्या पानात टाकला. मी खाल्ला. न खाणं त्यांना चाललं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

रायफल पुढं मोठेबाबा गेल्यावर रीतसर जमा झाली. परवाना माझ्या नावे करून घे असं भाऊबंदांनी म्हटलं होतं, मी केला नाही.

मागच्या हंगामात गावातली चार पोरं आली. रानडुकरांनी मक्याची अन् भुईमुगाची पार वाट लावलेली. झटका मशीन लावून झाली, साड्या बांधून झाल्या. एक म्हणाला, "काकाजी, तुमाले मालूम हाय म्हनते. टू-टूची आवाज न होनारी गोळी. रातच्यानं दोन पाडले तं कोनाले समजनार?"

मी त्यांना बसवलं, चहा दिला. वनखात्याची परवानगी काढायला मीच तालुक्याला संगं येतो म्हटलं. ती गोळी मात्र सांगितली नाही. अडीच ग्रॅम शिसं, तेही हळू, क्विंटलभराच्या डुकराच्या कातड्यात कुठवर जाईल? ते मरणार नाही. पोटात घेऊन पळेल, कुठंतरी आठ दिवस सडेल, नाहीतर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर जाईल. पोरं म्हणाली, "तुमचं वावर उजाड झालं नाही, म्हून बोलता." ते खोटं होतं. माझा अर्धा एकर भुईमूग गेला होता. पण मी वाद घातला नाही.

परवानगीचा अर्ज दिला. जागल करतोच आहे. परवा रात्री माळ्यावरून बॅटरी फिरवली तर हरभऱ्यात ससा. कान उभे, तोंड चालू. उजेड धरून ठेवला तरी हलला नाही. शेंडे खाऊन घेतले, मागचा पाय लांबवून अंग ताणलं आणि गेला.

सकाळी उतरल्यावर त्या जागेपर्यंत पावलं मोजली. छत्तीस भरली.