तिच्या नावाचे खाते

निगडी प्राधिकरणातून पतीच्या नोकरीनिमित्त दुबईस गेलेल्या गृहिणीचा दिवस उन्हाच्या वेळा पाहून आखलेला असतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तेथे दुपारी १२.३० ते ३ उन्हातील श्रमाच्या कामांस कायद्यानेच मनाई असते. मग बाजारहाट दिवेलागणीनंतरच. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सायंकाळी सातला ती माहेरी फोन करते, तेव्हा निगडीत साडेआठ वाजून जेवणे आटोपलेली असतात.

हे सारे हळूहळू अंगवळणी पडते. विचार करायचा तो निराळ्याच गोष्टीचा. तिचा निवास-परवाना पतीच्या परवान्याशी जोडलेला असतो आणि बहुधा घरचा पैसाही त्याच्याच खात्यात. खातेदाराच्या निधनाची वार्ता कळताच तेथील बँका सामान्यतः संयुक्त खातेसुद्धा वारसाचा निर्णय होईपर्यंत गोठवतात. आपल्याकडील ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ची सोय तेथे गृहीत धरता येत नाही. म्हणून तेथे केवळ तिच्या नावाचे एक खाते असावे, त्यात काही महिन्यांचा घरखर्च असावा आणि पतीच्या भारतातील एनआरई खात्यास तिचे नामांकन असावे. मुलाला निरोप देताना वडीलधाऱ्यांनी एवढे आवर्जून सांगावे.