चार पानांचे मासिक

इंग्लंडच्या ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ साली माध्यम अभ्यास या विषयाचा नवा ए-लेव्हल अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात छापील माध्यम निवडणाऱ्या विद्यार्थ्याला एक नवे संगीत मासिक काढावे लागे. मासिक म्हणजे अख्खा अंक नव्हे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचे पान आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पाने, अशी मिळून चार पाने. छायाचित्रे किमान चार, तीही स्वतः काढलेली. मजकूरही स्वतःचा, कुठून उचललेला चालत नसे. शंभर गुणांपैकी ६० या पानांना, २० त्यामागच्या संशोधनाला आणि नियोजनाला, उरलेले २० स्वतःच्याच कामाच्या मूल्यमापनाला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी शाळेच्या संगणकावर बसून करायचे हे काम. नियोजनातला मोठा वाटा दिसण्याचा असे: नाव कोणत्या अक्षरांत, रंग कोणते, फोटोतला माणूस कुठे बघतो आहे.

या सगळ्याला मिळून छपाईच्या जगात हाउस स्टाइल म्हणतात. मधलेच एखादे पान सुटून हाती आले तरी ते कोणत्या मासिकाचे हे कळावे, इतपत सारखेपणा तिच्यात लागतो. मास्टहेडचे, म्हणजे मुखपृष्ठावरच्या नावाचे, वळण, दोन-तीन ठरलेले रंग, मथळ्यांचा आणि मजकुराचा टाइप, स्तंभांची रुंदी, छायाचित्रांचा बाज, एवढ्या गोष्टी पक्क्या केल्या की बाकी बरेच आपोआप ठरते.

चार पानांवरून मासिक जोखण्याची ही रीत शितावरून भाताची परीक्षा या म्हणीत बरोबर बसते, असे प्रथमदर्शनी वाटते. पण म्हण जरा नीट पाहायला हवी. भात झाला का हे बघताना कोणी वरचेच शीत उचलत नाही. पळीच्या टोकाने मधला भात थोडा हलवायचा, तिथले एक शीत घ्यायचे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चेपायचे. आत कणी लागली तर झाकण परत ठेवायचे. ही परीक्षा खरी ठरते ती पातेल्यामुळे. तांदूळ एका पोत्यातला, आधण एक, जाळ एक, म्हणून एका शिताला बाकीच्यांच्या वतीने बोलता येते. नवा आणि जुना तांदूळ एकत्र झाला असेल तर परीक्षा फसते. तळाला भात लागला असेल तर मधल्या शिताला त्याचा पत्ता नसतो. आणि घरोघरी कुकर आल्यापासून ही परीक्षा शितावरून होतच नाही, शिट्ट्यांवरून होते. हाताचे काम कानाकडे गेले. संगीताच्या संदर्भात एवढे सांगायला हरकत नाही, पण त्याचा इथे उपयोग काहीच नाही.

उपयोगाचा भाग वेगळाच आहे. मासिकाच्या बाबतीत पातेले म्हणजे एकामागून एक निघणारे अंक. सारखेपणा दिसायला दुसरा, तिसरा, दहावा अंक लागतो, आणि विद्यार्थ्याच्या मासिकाला तर दुसरा अंक नाही. पहिल्याचीही चारच पाने आहेत. शीत हातात आहे आणि पातेले चुलीवर चढलेलेच नाही. मग परीक्षक चेपून काय बघत असेल? कदाचित विद्यार्थ्याच्या डोक्यात सगळा अंक असेल आणि त्याने त्यातली चार पाने बाहेर काढली असतील. कदाचित डोक्यात काहीच नसेल आणि ही चार पाने तेवढीच, चार पानांपुरती घडवली असतील. दोन्ही प्रकारची पाने टेबलावर शेजारी ठेवली तर फरक ओळखू येईल, याची खात्री देता येत नाही.

एक बचाव करता येतो. प्रत्येक मासिकाचा पहिला अंक याच अवस्थेत असतो. रोलिंग स्टोनचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ या तारखेचा. मुखपृष्ठावर ‘हाउ आय वन द वॉर’ या चित्रपटातला सैनिकी वेषातला जॉन लेनन. नावाची अक्षरे सॅन फ्रान्सिस्कोत सायकेडेलिक पोस्टरे करणारा चित्रकार रिक ग्रिफिन याची, आणि त्याच्या लेखी ते अजून कच्चे रेखाटन होते. तेच छापले गेले. पुढे ती अक्षरे कितीदा तरी घासूनपुसून घेतली, पण वळण त्या कच्च्या कागदावरचेच राहिले. ते रेखाटन पहिल्या दिवशीच त्या मासिकाची शैली होते, की पुढच्या अंकांनी मागे जाऊन ते मोठेपण त्याला दिले? दुसरे उत्तर खरे असेल तर सोळा वर्षांच्या मुलाकडे जे मागितले जाई ते त्याच्या हातातले नव्हतेच.

विद्यार्थी अर्थातच इतका विचार करत बसत नाही. त्याचे काम संशोधनापासून सुरू होते. बाजारातली संगीत नियतकालिके आणायची आणि पानापानावर बाण काढून कोणती गोष्ट कुठे आहे ते लिहायचे. १९५२ पासून निघणारे एनएमई, साउंड्स या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून १९८१ मध्ये जन्मलेले केरँग!, लाल चौकोनातल्या पांढऱ्या अक्षराचे क्यू (१९८६), जुन्याजाणत्या श्रोत्यांचे मोजो (१९९३), ही नेहमीची यादी. (एनएमईची छापील आवृत्ती पुढे २०१८ मध्ये थांबली, क्यू २०२० मध्ये बंद पडले.) केरँग!च्या अक्षरांना तडे गेलेले असतात, आणि ते नावही गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर निघणाऱ्या आवाजाचे. अशा निरीक्षणांतून एक कोष्टक तयार होते: हेवी मेटलला काळा आणि लाल, पॉपला गुलाबी-पिवळा, इंडीला जरा धुवट रंग आणि विटांची भिंत. मग वर्गातल्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. कोणता रंग आवडतो, कोणता फाँट, अंकाला किती पैसे द्याल. उत्तरे कोष्टकाला दुजोरा देतात, कारण उत्तरे देणारेही तीच मासिके बघून मोठे झालेले असतात. प्रश्नावली हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत निरुपयोगी कागद म्हणायला हवा, आणि बहुधा सर्वांत नीटनेटकाही.

आवाजाला रंग कुठून येतो, याचे एक उदाहरण मँचेस्टरचे आहे, आणि तेही विद्यार्थ्याचेच. १९७८ मध्ये पीटर सॅव्हिल मँचेस्टर पॉलिटेक्निकमधला ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम संपवत होता. टीव्हीवरचा निवेदक टोनी विल्सन आणि त्याचे सोबती ह्यूम भागातल्या रसेल क्लबमध्ये ‘फॅक्टरी’ या नावाने संगीताच्या रात्री सुरू करत होते. त्याचे पोस्टर सॅव्हिलने करायला घेतले. कॉलेजात एका दारावर यंत्रांच्या गोंगाटापासून कान जपण्याची सूचना देणारी पाटी होती: कानांवर आवरण घातलेले डोके, पिवळा आणि काळा रंग. ती पाटी पोस्टरवर आली. संगीत ऐकायला या असे सांगणाऱ्या कागदावर कान झाका म्हणणारी खूण. पोस्टर वेळेत पोहोचले नाही, त्यामुळे जाहिरात म्हणून ते वायाच गेले. पण फॅक्टरीने पुढे आपल्या वस्तूंना ‘फॅक’ या नावाने जे क्रमांक दिले, त्यांतला १ हा क्रमांक त्याला मिळाला.

हा क्रमांकांचा प्रकार पुढे वाढत गेला. विल्सन आणि सोबत्यांच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने ध्वनिमुद्रिकांनाच काय, दिसेल त्याला क्रमांक दिले. हासिएंडा हा त्यांचा नाइटक्लब फॅक ५१, क्लबात राहणारे मांजर फॅक १९१, आणि विल्सन २००७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या शवपेटीवर फॅक ५०१. या यादीतल्या वस्तू एकमेकींसारख्या अजिबात दिसत नाहीत. जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’वर (१९७९) काळ्या पार्श्वभूमीवर एका पल्सारच्या रेडिओ स्पंदनांच्या पांढऱ्या रेषा. न्यू ऑर्डरच्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’वर (१९८३) फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराचे फुलांचे चित्र आणि कोपऱ्यात रंगांची सांकेतिक पट्टी. दोन्हींच्या दर्शनी बाजूवर ना बँडचे नाव, ना अल्बमचे. ठरलेले अक्षर नाही, ठरलेला रंग नाही, तरी दुकानात ती कव्हरे फॅक्टरीची म्हणून ओळखू येत. म्हणजे सारखेपणा हवा, एक पातेले हवे, हे वर मांडलेले सगळे इथे लागू पडत नाही. प्रत्येक शीत वेगळ्या तांदळाचे आणि भात एकच, असा हा प्रकार. की ओळखू येत ती फक्त ओळखीच्यांना, ज्यांना क्रमांक पाठ होते? तसे असेल तर शैली कागदावर नसून गिऱ्हाइकाच्या डोक्यात होती, आणि तिचे नियोजन करता येते का हा प्रश्न आणखी अवघड होतो.

नियोजनाच्या वहीत अशा शंकांना जागा नसते. संशोधनानंतर येतो मूड बोर्ड, म्हणजे कात्रणे, रंगांचे तुकडे, कापडांचे फोटो एका कागदावर चिकटवून जमवलेला माहोल. त्यानंतर डमी: कोणत्या पानावर काय, फोटोला किती जागा, मथळा कुठे, हे पेन्सिलीने आखलेले. पान बहुधा ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर. रंग तीनांवर जाऊ नयेत आणि फाँटही, असे शिक्षक सांगतात, आणि ते ऐकलेले बरे असते.

मुखपृष्ठावर सर्वांत वर मास्टहेड. इंग्लंडमधल्या दुकानांत मासिके मांडणीवर एकावर एक सरकवून ठेवतात, डावीकडची पट्टी तेवढी दिसते. म्हणून महत्त्वाच्या ओळी डाव्या तिसऱ्या भागात. नामांकित मासिकांत गायकाचे डोके मास्टहेडवर चढते, मधली एक-दोन अक्षरे झाकली जातात. वाचकाला नाव तोंडपाठ असल्याने त्याचे काही अडत नाही. विद्यार्थीही हेच करतो. चार दिवसांपूर्वी सुचलेले, कोणालाच माहीत नसलेले नाव तो आपल्या मित्राच्या डोक्यामागे अर्धे लपवतो. हे हास्यास्पद म्हणावे, तर पान खरोखर जास्त अस्सल दिसते. बारकोडही असाच. नियतकालिकाच्या बारकोडात ९७७ ने सुरू होणारे तेरा आकडे असतात आणि उजवीकडे दोन आकड्यांची छोटी जोडपट्टी, जी अंकागणिक बदलते. विद्यार्थी बारकोड बनवतो तेव्हा ती जोडपट्टी सहसा विसरतो. एखादा विसरत नाही आणि तिथे १४ किंवा ३७ असे काहीतरी टाकून आधीचे सगळे अंक एका झटक्यात काढून मोकळा होतो.

छायाचित्रात उभा असतो तो वर्गातलाच कोणी. कॉरिडॉरची पांढरी भिंत, संगीत विभागातून मागून आणलेली गिटार, डोळ्यांभोवती काजळ. नजर थेट कॅमेऱ्यात असावी, कारण दुकानात शिरलेल्याशी तिनेच आधी बोलायचे असते. कॅमेरा किंचित खाली धरला की पोरगा रुबाबदार दिसतो. पण हा कोणत्या बँडचा? बँडला नाव आहे, गाणे एकही नाही. संगीताला साजेसे रूप द्या असे प्रकल्प म्हणतो, आणि ज्याला ते साजायचे ते संगीतच अस्तित्वात नसते. उलट आधी रूप ठरते आणि मग मुलाखतीतून, फोटोतून त्या रूपाला साजेसे संगीत कसे असेल याचा वाचक अंदाज बांधतो. बाजारातही कित्येकदा असेच घडते, पण तिथे शेवटी कोणीतरी तबकडी लावून बघते.

अनुक्रमणिकेविषयी फार सांगण्यासारखे नाही. पानांचे आकडे ठळक, सदरांची नावे, एखादा छोटा फोटो, संपादकाचे चार शब्द.

जोडपानांचे काम कठीण. ४२० मिलिमीटरची सलग रुंदी हाताशी येते, पण मध्ये अंकाची घडी असते. चेहरा तिच्यावर आला की नाक गिळले जाते. मथळा दोन्ही पानांवर पसरायचा तर घडी दोन अक्षरांमधल्या फटीत पाडावी लागते. लेखाची सुरुवात ड्रॉप कॅपने, म्हणजे मोठ्या पहिल्या अक्षराने, मजकूर तीन किंवा चार स्तंभांत, मधे मुलाखतीतले एखादे चटकदार वाक्य मोठ्या अक्षरांत. वाचता येणे आणि दिसणे यांची खेचाखेच इथे उघड होते. अमेरिकेतल्या रे गन या मासिकाचा कला दिग्दर्शक डेव्हिड कार्सन याने १९९४ मध्ये ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून ती अख्खी झॅफ डिंगबॅट्स या फाँटात लावली, ज्यात अक्षरेच नाहीत, नुसती चिन्हे आहेत. आजही डिझाइनच्या वर्गांत त्याचे नाव निघते. परीक्षेत कोणी असे केले असते तर मजकूर तपासायचा कसा, असा प्रश्न आला असता. मजकूर स्वतःचा असावा ही अट होती. तो वाचता यावा ही अट सगळे गृहीत धरत.

पाने छापून झाली की मूल्यमापनाचे सात प्रश्न. पहिला खऱ्या मासिकांच्या रूढी कुठे वापरल्या, कुठे वाढवल्या, कुठे मोडल्या हा. मधले वाचक, वितरण, तंत्रज्ञान यांविषयीचे. सातवा मागे वळून बघायला लावणारा: मुख्य कामाआधी सरावासाठी शाळेच्या अंकाचे जे मुखपृष्ठ केले होते ते आणि हे, यांच्यामधल्या वाटेत काय शिकलात? विद्यार्थी दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि पहिल्यात काय काय फसले होते त्याची यादी देतो. दोन वेगळी मासिके, हात एकच, म्हणून दोन्हींत सारखे काही दिसते का, हेही तिथे बघता आले असते. दिसलेच तर ती मुलाची शैली मानावी, की शाळेच्या संगणकावर तेवढेच फाँट होते असे समजावे, हे ठरवण्याची सोय मात्र त्या कागदांत नाही. सातही उत्तरांना मिळून गुण २०.