गच्चीवरील शेत

माटुंग्यांतील एका शाळेच्या गच्चीवर दर रविवारीं शेजारपाजारचीं माणसें मिळून शेती करितात, असें ऐकून आम्ही प्रथम हंसलों. ज्या मुंबईंत पाय ठेवावयास जागा नाहीं, तेथें भाजी कोठें रुजावयाची? परंतु जिने चढून धापा टाकीत वर गेलों, तों विटांच्या वाफ्यांत माठ, अंबाडी, वांगीं आणि एका निकामी पिंपांत पुरुषभर उंचीची केळ! एवढ्या मातीचें ओझें गच्चीस पेलेल काय, ही आमची शंका. तेथल्या एका मुलीनें मूठभर काळी भुसभुशीत माती आमच्या हातावर ठेविली. "आजोबा, हा सगळा पालापाचोळाच आहे," ती म्हणाली. वजन कांहींच नव्हतें.

कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोलकर (१९२४–२००१) यांनीं ही युक्ति लोकांस शिकविली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनीं २००२ सालापासून तेथल्याच भाजीपाल्याच्या केरांतून बाग उभी केली. कृति सोपी आहे. १० लिटर पाण्यांत १ किलो ताजें शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम गूळ कालवून ३ दिवस ढवळीत राहावें. चौथ्या दिवशीं दहापट पाणी मिसळून त्यांत वाळका पाला व उसाचीं चिपाडें २४ तास भिजवावीं आणि थर रचावे. कांहीं महिन्यांत त्याचीच माती होते. चिपाडें रसवंतीवाला फुकट देतो. ब्याद गेली म्हणून वर आनंदच मानतो.

आम्हांस काम मिळालें तें मात्र घरोघरच्या सालीदेठांचा ढीग निवडण्याचें. आम्ही काठीनें चाळवूं लागलों. केराशीं आमचा आजवरचा संबंध दाराशीं ठेविलेल्या डब्यापुरता. पुढें तो कोणाच्या हातांतून जातो, हा विचार मनास शिवलाच नव्हता. शेजारीं बसलेल्या बाईंनीं पूर्वीं कचरा वेंचून संसार केला होता. त्या म्हणाल्या, "आजोबा, काठीला काच कळत नाही. हातानं बघा." आम्हीं काठी ठेविली. तैत्तिरीयोपनिषदांतील अन्न वाढविण्याचें व्रत आम्हीं वर्गांत कितीदां समजावून सांगितलें असेल. मेथीची एक जुडी कधीं पिकविली नव्हती! पुढें उत्साहाच्या भरांत टोमॅटोच्या रोपांस इतकें पाणी पाजलें कीं तीं कुजलीं. कोणी रागावलें नाहीं, याचेंच अधिक वाईट वाटलें.

भाजी आलेल्या सर्वांत सारखी वांटतात. आमच्या वांट्याची माठाची जुडी पाहून आमच्या कुटुंबानें विचारलें, "लोकांच्या खरकट्यावर वाढलेली ही भाजी देवापुढें कशी ठेवूं?" शिजलेलें अन्न त्यांत घालीत नाहींत, असें आम्हीं परोपरीनें सांगितलें. नैवेद्यास त्या दिवशीं दुधीच झाला. माठ आमच्या पानांत पडला, आणि नातवंडांनीं तो दोनदां मागून घेतला.

पुढल्या शनिवारीं रात्रीं ओट्यावर एक कापडी पिशवी दिसली. आंत दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या. आणि कांद्याच्या साली निराळ्या पुडींत बांधलेल्या. त्या चालतात कीं नाहीं, तेवढें विचारून यावें, असा निरोप सूनबाईंच्या मार्फत आम्हांस पोंचला.