ब्लॅकबर्न येथील एक दुपार

विलायतेस जाणारा आपल्याकडील माणूस लंडनचा मनोरा, स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरचें घर आणि उत्तरेकडील सरोवरें पाहून परत येतो; लँकेशायर परगण्यांतील ब्लॅकबर्न या गांवीं मुद्दाम जाणारा प्रवासी विरळाच. मीही गेलों नसतों. परंतु माझा पुतण्या नोकरीनिमित्त मँचेस्टर येथें राहतो. त्याच्याकडे महिनाभर मुक्काम पडला, आणि एके शनिवारीं सकाळीं चहा घेतां घेतां तो सहज म्हणाला, "काका, आज ब्लॅकबर्नला फुटबॉलचा सामना आहे. जाऊन या. मात्र तेथें पुण्याचें नांव जरा जपून घ्या."

उभा जन्म पुण्यांत काढलेल्या माणसास हें वाक्य ऐकून कुतूहल वाटावें यांत नवल नाहीं. पुण्यानें आपल्या विद्वत्तेनें, वादप्रियतेनें आणि दुपारच्या झोपेनें पुष्कळांस दुखविलें असेल. पण इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गिरणगांवाचें पुण्यानें काय बिघडविलें असावें? मीं तिकीट काढलें.

मँचेस्टरहून निघालेली आगगाडी बोल्टनवरून जाते. पुढें उघडा डोंगराळ माळ लागतो, एक बोगदा येतो, आणि त्याच्या पलीकडे डार्वेन गांवाचें दर्शन होतें. उतारावर एकसारख्या दगडी घरांच्या रांगा, आणि त्या सर्वांच्या माथ्यावर तीनशें फूट उंचीचें, इटलींतील घंटाघरासारखें दिसणारें एक धुराडें. तें ज्या गिरणीचें, तिचें नांवच 'इंडिया मिल'! आपल्या देशाचें नांव इतक्या उंचावर कोरलेलें पाहून मन प्रथम सुखावतें आणि लगेच विचारांत पडतें. हिंदुस्थानच्या बाजारपेठेवर उभ्या राहिलेल्या या खोऱ्यास तें नांव कृतज्ञतेनें सुचलें कीं हिशेबानें, कोण जाणे. १९३१ च्या सप्टेंबरांत, गोलमेज परिषदेसाठीं आलेले महात्मा गांधी याच डार्वेनजवळ स्प्रिंगव्हेल गार्डन व्हिलेज येथें उतरले होते. स्वदेशीच्या चळवळीनें ज्यांच्या मागांना झळ लागली, त्याच कामकरी लोकांस भेटावयास ते आले होते. आणि तेथील गिरणकामकरी बायकांनीं त्यांच्याभोंवतीं गर्दी करून हर्षाचा गजर केला, तें छायाचित्र वाचकांपैकीं अनेकांच्या पाहण्यांत असेल.

डार्वेनच्या पुढें लगेच ब्लॅकबर्न. हें पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचें गांव. सूत कातण्याचें 'स्पिनिंग जेनी' नांवाचें यंत्र जेम्स हारग्रीव्ह्ज यानें १७६४ च्या सुमारास बनविलें तें जवळच्याच स्टॅनहिल खेड्यांत. पुढें येथील मागांवरचें कापड मुख्यतः हिंदुस्थानासाठीं विणलें जाऊं लागलें, आणि धोतरजोडे ही तर या गांवाची खासियत होती. १९०५ सालीं पुण्यांत विदेशी कापडाची होळी पेटली, तिच्यांत या गांवचे कांहीं वार खचितच असावेत. म्हणजे पुणें आणि ब्लॅकबर्न यांचा देण्याघेण्याचा संबंध आजकालचा नाहीं. आज ते माग थांबले आहेत. गुजराथेंतून आणि पाकिस्तानांतून आलेलीं कुटुंबें त्या दगडी घरांतून नांदत आहेत. आणि जुन्या वैभवाची एकच खूण जिवंत राहिली आहे. ती म्हणजे 'ब्लॅकबर्न रोव्हर्स' हा फुटबॉलचा संघ.

खेळाचा संघ ही गांवाची खूण कशी, असें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस वाटेल. त्यासाठीं थोडा इतिहास सांगावयास हवा. आरंभीं हा खेळ इंग्लंडांत मोठ्या घराण्यांतील विद्यार्थ्यांच्या हातीं होता. १८८३ सालीं ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामकरी लोकांच्या संघानें ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा २-१ असा पराभव करून राष्ट्रीय करंडक लंडनहून उत्तरेकडे आणला. लागलीच पुढचीं तीन वर्षें तोच करंडक रोव्हर्सनें जिंकला. हा रोव्हर्स संघ १८७५ चा. १८८८ सालीं बारा संघांनीं मिळून 'फुटबॉल लीग' स्थापन केली, त्या बारांतही तो होता. आठवडाभर मागांच्या खडखडाटांत राबणाऱ्या माणसास शनिवारच्या दुपारीं आपण कोणीतरी आहों असें वाटावयास लावणारी ही एकच जागा होती. गिरण्या गेल्या, ती जागा राहिली.

या संघाच्या भाग्याचा कळस १९९५ सालीं झाला. जॅक वॉकर हा येथेंच जन्मलेला गृहस्थ. वडिलांचा पत्र्याचा लहानसा धंदा वाढवून त्यानें पोलादाच्या व्यापारांत अमाप द्रव्य मिळविलें, आणि १९९१ सालीं संघ आपल्या ताब्यांत घेऊन तें द्रव्य गांवच्या मैदानावर ओतलें. केनी डॅलग्लिश हा नामांकित शिक्षक आणि ॲलन शिअररसारखा गोल करणारा गडी त्यानें आणला, आणि ऐंशीं वर्षांहून अधिक काळानंतर या लहानशा गांवानें सर्व इंग्लंडांतील अजिंक्यपद मिळविलें. वॉकरही व्यापारीच होता, आणि श्रीमंत झाल्यावर जर्सी बेटावर राहावयास गेला होता. तरी त्याचा पुतळा आज मैदानाबाहेर उभा आहे. २००० सालीं तो वारला. त्याच्या मागें विश्वस्तांनीं कांहीं वर्षें संघ सांभाळला, आणि नोव्हेंबर २०१० मध्यें तो २ कोटी ३० लक्ष पौंडांस विकून टाकला. घेणारे होते पुण्याचे 'व्यंकीज', कुक्कुटपालनाच्या धंद्यांत नांवाजलेलें आपल्याकडील कुटुंब. पुतण्याच्या सल्ल्याचा अर्थ आतां माझ्या ध्यानांत आला.

इवूड पार्क हें मैदान गांवाच्या दक्षिणेस, डार्वेन नदीच्या कांठीं आहे. सामन्यास अवकाश होता, म्हणून जवळच्या एका चहाच्या दुकानांत बसलों. समोर निळापांढरा गळपट्टा घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "आपण कोठले?" त्यांनीं विचारलें. वयाच्या सत्तरीस एका गांवाच्या नांवासाठीं खोटें बोलावें, हें मनास पटेना. "पुण्याचा," मी म्हणालों.

ते क्षणभर गप्प राहिले; मग हंसले. "म्हणजे आमच्या संघाचे गांवकरीच कीं! तोही आतां पुण्यासच राहतो."

मग त्यांनीं सांगितलेली हकीगत थोडक्यांत अशी. नव्या मालकांनीं पहिल्या महिन्याभरांतच, संघ तेराव्या स्थानावर असतां, अनुभवी शिक्षकास निरोप दिला, आणि ज्यानें पूर्वीं कोठेंही मुख्य शिक्षकाचें काम केलें नव्हतें अशाची नेमणूक केली. वर्षानुवर्षें कारभार पाहणारे अध्यक्ष लवकरच सोडून गेले. खेळाडू मालकांच्या कोंबडीवर ताव मारीत आहेत अशी जाहिरात निघाली. ती पाहून साऱ्या इंग्लंडनें करमणूक करून घेतली आणि ब्लॅकबर्ननें मान खालीं घातली. मे १९१२ मध्यें नव्हे, कारण त्या वर्षीं संघ अजिंक्य ठरला होता, तर बरोबर शंभर वर्षांनीं, ७ मे २०१२ रोजीं तो पहिल्या श्रेणींतून खालीं उतरला. त्या संध्याकाळीं कोणीतरी संघाचें निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडली. पुढच्या एकाच हंगामांत दोन शिक्षक आले आणि दोनदोन महिन्यांतच गेले. २०१७ सालीं संघ तिसऱ्या श्रेणींत गेला, आणि वर्षानें दुसरींत परतला.

"पण पैसा?" मीं विचारलें. पुण्याच्या वतीनें कांहीं तरी बोलणें भाग होतें.

"पैसा त्यांनीं दिला, हें मी नाकारणार नाहीं," वृद्ध म्हणाले. आणि तें खरेंही आहे. या इतक्या वर्षांत मालकांनीं वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम या संघांत घातली आहे. ती नसती तर संघाचें दिवाळें वाजलें असतें. "पण पैशाबरोबर माणूस येत नाहीं. आरंभीं आले, पुढें मैदानावर क्वचितच दिसले. येथें काय चाललें आहे तें आम्हांस कोणी सांगत नाहीं, आणि आम्हांस काय वाटतें तें कोणी विचारीत नाहीं. याच गांवचा ॲडम व्हॉर्टन सहा वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे वाढला. विशीच्या आंत त्याला लंडनच्या संघास विकला. धंद्याच्या वहींत १ कोटी ८० लक्ष पौंड जमा झाले असतील. आमच्या वहींत एक मुलगा वजा झाला."

हें ऐकतांना मला आमच्या कोंकणांतील गांवची आठवण झाली. आमचे खोत मुंबईस जाऊन श्रीमंत झाले. देवळाच्या उत्सवाचा सारा खर्च ते मनीऑर्डरनें न चुकतां पाठवीत. पण स्वतः कधीं येत नसत. पालखी उठण्याची वेळ होई, मानाचा नारळ हातांत घेऊन गुरव उभा राही, आणि तो घ्यावयास कोणी नसे. पैसा कमी पडला नाहीं; तरी पांचसात वर्षांत पालखीला खांदेकरी मिळेनासे झाले. तेव्हां माझी आजी म्हणाली होती, "अरे, देव काय मनीऑर्डरीचा भुकेला असतो?" त्या वेळीं मला तें बायकी बोलणें वाटलें. ब्लॅकबर्नच्या त्या दुकानांत त्यांतलें तत्त्व कळलें. जॅक वॉकर बेटावर राहत असे. पण या गांवाचें दुःख तें त्याचें दुःख होतें, म्हणून लोकांनीं त्याचें अंतर मोजलें नाहीं. मालकी दूर असल्यानें बिघडत नाहीं. ती परकी राहिल्यानें बिघडतें.

याचा दोष एका पुण्याच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. पुतण्याच्या मँचेस्टरमध्येंच २००५ सालीं अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानें मँचेस्टर युनायटेड हा जगप्रसिद्ध संघ घेतला, तो मुख्यतः कर्ज काढून. आणि तें कर्ज बसविलें संघाच्याच डोक्यावर. संतापलेल्या कांहीं लोकांनीं त्याच वर्षीं 'एफ. सी. युनायटेड' हा सभासदांच्या मालकीचा स्वतंत्र संघ काढला. २०१० सालीं हजारों लोक लाल रंग टाकून, संघाच्या जन्मकाळचा हिरवा आणि सोनेरी रंग गळ्यांत बांधून मैदानावर बसूं लागले. विंबल्डनचा संघ तर मालकांनीं २००३ सालीं उचलून मिल्टन कीन्स या दूरच्या गांवीं नेला! दुकान हलवावें तसें. शेजारच्या जर्मनींत बहुतेक क्लबांत मतांचें आधिक्य सभासदांकडेच राहिलें पाहिजे असा नियम आहे. इंग्लंडनेंही उशिरां कां होईना, २०२५ सालीं कायदा करून एक स्वतंत्र नियामक नेमला. मैदान, निशाण आणि रंग यांविषयीं मालकांच्या मनमानीस आळा बसावा हा त्यांतील एक हेतु आहे.

आपल्या वाचकांपैकीं एखाद्यास मनांतून असेंही वाटेल, कीं दीडशें वर्षें लँकेशायरनें आमच्या विणकरांचें भवितव्य आमच्याकडे न पाहतां ठरविलें. आतां पुणें लँकेशायरचें ठरवितें, तर काय झालें? हा विचार माझ्याही मनास शिवला, हें मी लपवीत नाहीं. परंतु ज्या दुःखाची चव आपण स्वतः घेतली, तें दुसऱ्याच्या ताटांत वाढण्यांत समाधान कसलें? गांधीजी १९३१ सालीं या खोऱ्यांत आले ते विजय मिरविण्यासाठीं नव्हे. बहिष्कार त्यांनीं मागें घेतला नाहीं, हिंदुस्थानचें दारिद्र्य याहून मोठें आहे हें स्पष्ट सांगितलें; पण तें समोर बसून सांगितलें, आणि त्यांचेंही ऐकून घेतलें. म्हणूनच ज्यांचें नुकसान झालें होतें त्यांनींच त्यांचा गजर केला. धनवानानें आपल्या धनाचें विश्वस्त व्हावें, असें ते सांगत असत. विश्वस्ताचें पहिलें कर्तव्य पैसे देणें हें नसून हजर राहणें हें असावें.

सामन्याची वेळ झाली. वृद्ध म्हणाले, "आपण तिकीट काढूं नका. माझ्याजवळ दोन जागा आहेत." दुसरी जागा त्यांच्या नातवाची. वडिलांनीं त्यांना खांद्यावर बसवून येथें आणलें, त्यांनीं मुलाला आणलें, मुलानें नातवाला. पण तो नातू आतां येत नाहीं. मोठ्या शहरांतील संघांचे सामने घरीं पडद्यावर पाहतो. "त्याला मी रागावत नाहीं," ते म्हणाले. "हरणाऱ्या संघावर प्रेम करतां येतें, पण ज्याचें कोणी नाहीं अशा संघावर मुलानें कसें करावें?"

मी त्या रिकाम्या जागीं बसलों. सभोंवतीं आणखीही पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. गडी मैदानांत आले तसे वृद्ध उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवूं लागले, मीही उठलों. दोन तास मला खेळांतलें फारसें कांहीं कळलें नाहीं. पण शेजारच्या माणसाचा श्वास कधीं अडकतो आणि कधीं सुटतो, एवढें कळलें.

निरोप घेतांना ते म्हणाले, "पुण्यास परत गेलांत म्हणजे सांगा, आम्हांला त्यांचा हिशेब नको आहे. येथें जागा पुष्कळ आहेत. एखाद्या शनिवारीं आमच्याजवळ येऊन बसा, म्हणावें."

रात्रीं पुतण्यानें विचारलें, "काका, पुण्याचें नांव घेतलेंत कीं काय?" "घेतलें," मी म्हणालों, "आणि एक निरोपही घेतला." ज्यांच्यासाठीं तो होता त्यांची माझी ओळख नाहीं. म्हणून तो येथें लिहून ठेवीत आहें.