महाराज, ज्ञानेश्वर

विरार पूर्वेच्या आमच्या भाड्याच्या घरात पुस्तकांच्या कपाटाला जागा नाही, म्हणून ई-पुस्तकं सांभाळायला कॅलिबर नावाचा प्रोग्राम ठेवलाय. पगार नाही, जेवणखाण नाही. टीव्हीशेजारच्या जुन्या लॅपटॉपवर बसून असतो. स्वभाव मात्र तालुक्याच्या वाचनालयातल्या जुन्या ग्रंथपालाचा.

पुस्तक हवाली केलं की मूळ फाइल तशीच ठेवून हा तिची नक्कल आपल्या ताब्यात घेतो. लेखकाच्या नावाचा फोल्डर, त्यात पुस्तकाच्या नावाचा, शेवटी कंसात क्रमांक. त्यात आपण परस्पर हात घातलेला त्याला खपत नाही. गुपचूप नाव बदलून पाहा, लगेच पुस्तक सापडत नाही म्हणून बोंब मारेल.

आडनाव पुढे, ही त्याची शिस्त. 'देशपांडे, पु. ल.' इथवर ठीक. पण ज्ञानेश्वर महाराजांनाही तो 'महाराज, ज्ञानेश्वर' करून म च्या रांगेत उभं करतो! आमच्या वसईचे, 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्याकडे 'दिब्रिटो, फादर फ्रान्सिस' होतात. इथे त्यांना फादर म्हटल्याशिवाय कुणी हाक मारली असेल असं वाटत नाही. एकदा समजावलं की मात्र लक्षात ठेवतो.

आता याला परका तरी कसं म्हणायचं? मुंबईच्या कोविद गोयल यांनी अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकताना ऑक्टोबर 2006च्या शेवटच्या दिवशी याचं काम सुरू केलं. सोनीचं नवं वाचनयंत्र लिनक्सशी बोलेना, हे निमित्त. पाळण्यातलं नाव लिबपीआरएस500. ते 2008 साली बदललं, बरंच झालं. फुकट तर आहेच, शिवाय याचा सगळा कोड कुणालाही उघडून बघता येतो.

पीडीएफचं ईपब करून दे म्हटलं की कुरकुरतो. त्यातून जुन्या श्रीलिपीत जुळवलेलं मराठी पुस्तक असेल तर पानभर अगम्य चिन्हं काढून देतो. दोष त्याचा नाही, युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टचा.

घरातल्या वायफायवर 8080 क्रमांकाच्या दारातून तो पुस्तकं वाटतो. सासूबाई टॅबवर वाचतात. मी सकाळच्या चर्चगेट फास्टसाठी रात्रीच फोनवर उतरवून घेते आणि गाडीत चढतानाच उघडते, कारण नालासोपारा गेलं की डब्यात खिशातला फोन काढायलाही जागा उरत नाही.

2009 साली अॅमेझॉनने ऑर्वेलचं '1984' ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतलं होतं. याच्याकडे ठेवलेलं असं कुणी उचलून नेत नाही. मात्र दुकानाने कुलूप घालून विकलेलं पुस्तक तो फोडत नाही, रूपांतराला साफ नकार देतो. मला राग येतो, पण त्याचंही बरोबर आहे.

अकरा महिन्यांचा करार संपला की आम्ही दुसरं घर शोधतो. भांडी, गाद्या, फ्रिज यांना टेम्पो लागतो. याचा अख्खा फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरतो, नव्या घरी वायफाय लागेपर्यंत माझ्या पर्समध्ये.