पान्हा आणि हिशोब

पान्हा हा किती गोड शब्द आहे आपल्या मराठीत! वासरानं ढुशी दिली की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि ती पान्हावते. आता तेच सुईतून टोचतात. त्यानं कासेत साठलेलं दूध उतरतं, एवढंच.

माझा पुतण्या सेलूकडे दोन संकरित गायी पाळतो. एकीचं वासरू गेलं. फोनवर म्हणाला, "काका, टोचलं तर काय बिघडतं?"

मी त्याला हिशोबच मांडून दाखवला. समजा, वासरू दिवसाला दोन लिटर पितं आणि लिटरला तीस रुपये मिळतात. म्हणजे रोजचे साठ रुपये वासराच्या पोटात. सुई त्याहून कितीतरी स्वस्त. मग वासराला जगवायचं कशाला? खरी गोम इथे आहे. आपल्या वर्ध्याच्या गवळाऊ गायीचा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल, घरचं भांडवल. त्याच्या वाटचं दूध कुणी तोडत नसे. ट्रॅक्टर आला, संकरित गोऱ्ह्याला कुणी विचारेना, आणि वासरू खर्चाच्या रकान्यात गेलं.

हे दुखणं जुनंच. कलकत्त्याचे गवळी शेवटच्या थेंबासाठी 'फुका' करत. ते वाचून गांधीजींचं मन दुधावरून उडालं, १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारपणात शेळीचं दूध घेतलं, ते सेवाग्रामातही चालू राहिलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याच्याच कलमात असली सुईही आहे. २०१८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी केली, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच लागतं, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच डिसेंबरात बंदी रद्द केली.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथे १९९४ पासून दूध खरोखर वाढवणारं वाढ-संप्रेरक विकलं गेलं. कॅनडानं १९९९ मध्ये ते नाकारलं, कारण गायींची कासदाह आणि लंगडेपणाची दुखणी.

पुतण्याला म्हटलं, रोज तोच हात, तीच वेळ, पुढ्यात सरकीची ढेप, आणि कास कोमट पाण्यानं चोळ. थोडे दिवस दूध कमी येईल, ते सोस. सुईची सवय लागली की गाय तिच्याशिवाय पान्हावत नाही, मग सुटका नाही. त्याला पटलं की नाही, कोण जाणे. हप्ते त्याला भरायचेत, मला नाही.

पण मंडळी, डेअरीत भाव ठरतो तो फॅट पाहून. वासराचा घास त्यात कुठेच नसतो. तो कुणी भरायचा, गोपालकानं की दूध पिणाऱ्या आपण?

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.