गहुंजे : भाडेकरूंचं घर

लोणावळ्याचा वीकएंड संपवून, मागच्या सीटवर चिक्कीचे बॉक्स टाकून पुण्याकडे निघालात की एक्सप्रेसवे संपता संपता शेतांपलीकडे पांढरी शिडं दिसतात. मावळातलं गहुंजे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं सुमारे ३७ हजार आसनांचं स्टेडियम. डिझाइन लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचं. लॉर्ड्सच्या माउंड स्टँडचं तंबूसारखं छप्परही त्यांचंच. म्हणजे थाट एकदम इंटरनॅशनल! प्रश्न एकच, हे घर नेमकं कुणाचं?

२०११ मध्ये ‘पुणे वॉरियर्स’ आयपीएलमध्ये उतरली तेव्हा गहुंजे तयार नव्हतं. त्यामुळे पुण्याचे ‘घरचे’ सामने झाले नवी मुंबईत! १ एप्रिल २०१२ ला गहुंज्याचं उद्घाटन झालं, गांगुलीच्या नावानं पब्लिक जमलं, पण टीम त्या सीझनला तळाला राहिली. २०१३ मध्ये वॉरियर्सचा खेळ खल्लास. स्टेडियमवरचं सहारा हे नावही उतरलं.

२०१६ मध्ये दुसरा भाडेकरू आला, ‘रायझिंग पुणे’. यांचा करारच दोन वर्षांचा. धोनी आला म्हणून सगळे खूश होते, तेवढ्यात दुष्काळ आडवा आला. उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे महिन्यातले सामने राज्याबाहेर गेले आणि पुण्याचं ‘होम ग्राउंड’ झालं विशाखापट्टणम! पुढच्या वर्षी हीच टीम फायनलला पोचली, अवघ्या एका रनानं हरली आणि गाशा गुंडाळून गेली. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नई सुपर किंग्ज इथे मुक्कामाला आली. चेन्नईहून खास ट्रेननं पिवळे टीशर्ट आले आणि त्या वर्षी कपही त्यांनीच जिंकला. पाहुणे जिंकले, यजमान टाळ्या वाजवत राहिले.

कावेरीवरून आलेल्या या पाहुण्यांनाही पाण्याचा प्रश्न चुकला नाही. पवना नदीचं पाणी या मैदानाला द्यायला मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी मनाई केली. मावळात पाणी हा साधा विषय नाही. ९ ऑगस्ट २०११ ला याच एक्सप्रेसवेवर, बऊरजवळ, पवनेचं पाणी बंद पाइपलाइननं पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. इंद्रायणी भात पिकवणाऱ्या या गावांना मैदानाची हिरवळ दिसते तेव्हा हेही आठवत असणार.

फुटबॉलवाल्यांचं दुःख वेगळं नाही. एक्सप्रेसवे सोडून शहराकडे थोडं पुढे गेलं की बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं क्रीडासंकुल. २००७ मध्ये सुरू झालेल्या पुणे एफसीनं इथे खेळत २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा नंबर काढला आणि काही वर्षांतच मालकांनी हात आखडता घेतला. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी एका सीझनमध्ये आटोपला. हृतिक रोशनच्या नावानं गाजलेली एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आली, २०१९ मध्ये गेली आणि तिची जागा हैदराबादनं घेतली. गॅलरीत ढोल बडवणारी पोरं मात्र इथलीच होती. ती कुठे जाणार?

मला वाटतं, गोची इथेच आहे. आपण स्टेडियम बांधतो, टीम विकत आणतो, पण टीम रुजायला लागणारी दहा-वीस वर्षं कुणालाच थांबायचं नसतं. हरलेल्या सीझननंतरही तीच जर्सी घालून पुन्हा यायला मिळालं, तर ते घर. म्हणून मला गहुंज्यात रणजीची मॅच जास्त आवडते. गर्दी तुरळक, पण समोर महाराष्ट्राची टीम, जी कुठे शिफ्ट होणार नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगही इथेच सुरू झाली. पुणेरी बाप्पा, रत्नागिरी जेट्स. नावं ऐकूनच कळतं, मंडळी आपल्यातलीच आहेत.

कसं जाल? पुणे-लोणावळा लोकलनं बेगडेवाडी किंवा देहूरोड, पुढे रिक्षा. मॅच नसेल तर जुन्या हायवेलगतचा घोराडेश्वरचा डोंगर चढा. वर लेणी आहेत, शंकराचं देऊळ आहे. पाण्याची बाटली सोबत ठेवा. पावसाळ्यात मी गेले तेव्हा खाली भातखाचरं, एक्सप्रेसवे आणि ती पांढरी शिडं एका नजरेत मावली होती.